हिशोबात न धरलेली सही

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सही बघण्यासारखी होती. शाळा दहावीपर्यंतच झालेली, पण सही अशी की एखाद्या तहसीलदाराने लाजावं. पहिलं अक्षर मोठं, मग एक लांब रेघ, ती रेघ मागे वळवून नावाखालून ओढत आणायची आणि तिच्याखाली पेन दाबून दोन टिंबं द्यायची. "टिंबं दिल्याबिगर सही पुरी होत न्हाय," असं ते म्हणायचे. लहानपणी मी पाटीवर ती सही गिरवत बसायचे आणि मला ती कधीच जमली नाही.

कळंबला आमच्या ओसरीवर ही सही न्यायला कुणी ना कुणी आलेलं असायचं. कुणाला म्हशीसाठी कर्ज हवं, कुणाला ठिबकसाठी, कुणाला मोटरसायकल. बँकेला जामीनदार लागतो आणि तो पत असलेला लागतो. आबांची पत चोख होती. सोसायटीचं पीककर्ज मार्चच्या आत भरायचं आणि त्यापलीकडे कुणाचा रुपया घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. आई चहा ठेवायची, आलेला माणूस कागद पुढे करायचा, आबा चष्मा शोधायचे. चष्मा वाचण्यासाठी नव्हे, सही सुबक यावी म्हणून. समोरच्याच्या देखत कागद वाचणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, अशी आमच्याकडची रीत. आपल्या दारात आलेल्या माणसाला सही नाकारणं तर पाणी नाकारण्यासारखं. आई कधी कुरकुरली तर म्हणायचे, "जामीन म्हंजी काय गं, नुसती सही. माझ्या खिशातनं काय जातंय?"

मी तेव्हा बारामतीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. रोज सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं, आणि मधल्या वेळात गणित. माझं गणितावर प्रेम होतं, असं सरळच सांगते. लोकांना ते चमत्कारिक वाटतं. पोरीला गाण्याचं वेड असलं तर कौतुक होतं, गणिताचं असलं तर घरात काहीतरी बिनसलंय असं समजतात. एसटीत खिडकीला डोकं टेकून मी सिद्धता जुळवत बसायचे आणि एकदा तर त्या नादात उतरायचं राहून पुढच्या गावाला पोचले. आबा चेष्टा करायचे, "ह्यात एवढं काय शोधतीस? उत्तरं तर पुस्तकाच्या मागंच छापल्याली असत्यात." मी म्हणायचे, पुढच्या पुस्तकांना मागे उत्तरं नसतात आबा. हे त्यांना फार आवडलं. मग गावात येईल त्याला सांगत सुटले, "आमची पोरगी आता बिनउत्तराच्या पुस्तकापत्तुर गेलीया."

कॉलेजातल्या आमच्या गणिताच्या सरांनी मला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेची प्रवेशपरीक्षा द्यायला लावली. एमएस्सी गणित, राहायची सोय तिथेच. मी पास झाले. सरांनी स्टाफरूममध्ये बोलावून पाठीवर थाप मारली आणि तोंड वळवून फळ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना स्वतःला कधीकाळी तिथेच जायचं होतं, हे मला नंतर कळलं. खर्चाचा आकडा मात्र मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घरी नेला. फी, वसतिगृह, मेस, जाणंयेणं धरून सगळे मिळून सहा लाख होत होते.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मामा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. ते रविवारी खास गाडी काढून आले. "गणितात पैसा कुठंय? इंजिनिअरिंग केलं असतं तर मी म्हटलं असतं, काढा कर्ज. गणित शिकून करणार काय, मास्तरकी? ती तर असल्या कर्जाशिवायही करता येते." मामांचा राग यायचा, पण त्यांचं चूक काय होतं? एमएस्सी झालेली दोनच माणसं आमच्या ओळखीत. एक आमचे सर, कायम नोकरीतले. दुसरे कॉलेजातलेच तरुण सर, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. ते संध्याकाळी भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचे. मी धीर करून त्यांना पगार विचारला, तर हसून म्हणाले, "तासाचे पैसे मिळतात. तासच मिळत नाहीत."

मी साखर कारखान्याच्या कॅलेंडरची जुनी पानं काढली आणि पाठकोऱ्या बाजूला हिशोब मांडला. शिकत असताना व्याज चढणार, शिक्षण संपल्यावर काही महिने सवलत, मग हप्ता. सरांसारखी नोकरी मिळाली तर कर्ज सात वर्षांत फिटतं. झेरॉक्सवाल्या सरांसारखं झालं तर फिटतच नाही. पुढे पीएचडीला पैसे मिळाले तर तिसराच हिशोब. मी तीन पानं शेजारी शेजारी ठेवली. आबा उकिडवे बसून एकेक पान बघत गेले. तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये कवा कळंल?"

"चारपाच वर्षांनी."

"आन तवर?"

"तवर काहीच नाही. नुसता खर्च."

ते एकदम हसले. "म्हंजी आडसाली ऊस हाय म्हण की! दीड-दीड वर्स रानात हुभा ऱ्हातो. शेजाऱ्याचा तुटून जातो, त्याचं बिल बी येतं, आन आपुन आपलं पाणीच देत बसायचं. लोक हसत्यात. पर वजन कुणाचं भरतंय?"

"आडसालीचं."

"मग झालं तर. काढू कर्ज. आजपत्तुर मी सोसायटी सोडून कुणाचा रुपाया काढला न्हाय. पयलंवयलं कर्ज तुज्या नावानं काढू. मामाला सांग, आबा हो म्हनलं."

आईने देवापुढे साखर ठेवली. मला त्या रात्री पोटभर रडावंसं वाटलं आणि मी रडले. एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. लग्नात नाही, मुलाच्या वेळीही नाही. हे कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

इंदापूरच्या बँकेत आम्ही मोटरसायकलवर गेलो. आबांनी धुवट पांढरे कपडे घातले होते, खिशाला नवीन पेन. साहेब तरुण होते, चांगले होते. माझे गुण बघून त्यांनी भुवया उंचावल्या, आबांना "काका, बसा" म्हणाले. मग आबांच्या पॅनकार्डाचा नंबर टाकला आणि संगणकाकडे बघत राहिले.

"काका, तुमच्या नावावर एक थकीत खातं दिसतंय."

आबा हसलेच. "माज्या? न्हाय ओ साहेब. दुसरं कोण आसंल. आमी कर्जच काढत न्हाय."

"ट्रॅक्टरचं आहे. दोन वर्षांपासून हप्ता नाही."

"आवो, मग त्ये माजं न्हाय. त्ये तात्याचं. निमगाव केतकीचं. मी नुसता जामीन हाय."

साहेबांनी आधी आबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. असं कितीदा सांगावं लागत असेल त्यांना, कोण जाणे. जामीनदाराच्या नावावरही ते कर्ज दिसतं, ते थकलं की जामीनदारही थकबाकीदार ठरतो, आणि तसं असेल तोवर त्याला नवं कर्ज देता येत नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ते खातं त्यांच्याच शाखेतलं होतं. फाईल मागवली, पान उलगडून पुढे केलं. "सही तुमचीच आहे ना?"

आबांनी चष्मा लावला. ती लांब रेघ, ती मागे वळलेली. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "व्हय. माजीच हाय. टिंबं हायत."

उन्हाळाभर मी जे हिशोब मांडले त्यात मुद्दल होतं, व्याजाचा दर होता, मुदत होती, पगार होता, न मिळणारा पगारही होता. तात्या कुठेच नव्हते. एवढी गणितातली हुशार मुलगी, आणि मला ते सुचणं शक्यच नव्हतं, कारण आमच्या घरात ती सही खर्चात धरायची पद्धतच नव्हती. ती चहाबरोबर जायची.

परतीच्या वाटेवर निमगाव लागतं. आबांनी न विचारता मोटरसायकल तात्यांच्या वस्तीकडे वळवली. मला बरं वाटलं. आता बोलतील, आता तात्या काहीतरी करतील, असं मनाशी म्हणत मी मागे घट्ट धरून बसले होते. तात्या आबांच्या शाळेतले दोस्त, दोघे एका तालमीत वाढलेले. त्यांचा पानमळा होता. उसाच्या वाहतुकीसाठी घेतलेला ट्रॅक्टर अंगणात कडेला उभा होता, पुढचं एक चाक काढलेलं, खाली दगड लावलेले. पहिल्याच हंगामात ट्रॉली उलटून त्यांच्या ड्रायव्हरचा पाय गेला होता आणि तात्यांनी ट्रॅक्टरची सगळी कमाई आणि वर घरातली पुंजी दवाखान्यात ओतली होती. हे आबांना माहीत होतं. हप्ता थकलाय, हे तेवढं माहीत नव्हतं.

आम्हाला बघताच तात्या मळ्यातून पळत आले. "आरं, आली का आमची परदेशी!" दक्षिण म्हणजे त्यांना परदेशच. "पेढं कुठायत? मला समदं कळलंय, लेक मोट्या शिक्षणाला निघाली म्हनं. आगं ए, बाहीर ये, बघ कोण आलंय!" काकू आल्या. त्यांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटीत नारळ आणि तांदूळ घातले. तात्या आत गेले, डबे वाजल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातात पाचशेची नोट ठेवून वर माझी मूठ मिटवली. "रेल्वेत खायाला ऱ्हाऊदे. आमच्या दोस्ताची लेक म्हंजी आमचीच लेक. नाव काढ पोरी."

मी आबांकडे बघत होते. बोला ना आता, बोला. माझ्या मुठीत ती नोट घामाने भिजली. आबांनी दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, "पानं औंदा चांगली हायत रं तुजी."

"घिऊन जा की," तात्या म्हणाले आणि पानांची एक चळत आमच्या पिशवीत कोंबली.

कळंबच्या अलीकडे कालव्याच्या पुलावर आबांनी मोटरसायकल थांबवली. मी खाली उतरले आणि माझा तोल सुटला. मी ओरडले. बापावर कसं ओरडू नये तसं ओरडले. तुम्ही बोलला का नाही? त्यांच्यामुळे झालंय हे. त्यांना कळायला नको?

"कळलं तर त्यो उद्या ट्रॅक्टर इकंल," आबा म्हणाले. "मोडका हाय, तरी इकंल. न्हाय पुरलं तर मळा इकंल. आन पैसं घिऊन आपल्या दारात येऊन रडंल. मला न्हाय बघवायचं त्ये."

"आणि माझं?"

ते पुलाच्या कठड्याशी गेले. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, ते बघत राहिले. मग उपरण्याने त्यांनी तोंड पुसलं आणि मला दिसलं की ते रडतायत. मी आबांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला धावत जाऊन त्यांना मिठी मारावीशी वाटत होती आणि त्याच वेळी त्यांचा भयंकर राग येत होता. दोन्ही एकदमच होतं, आणि अजूनही दोन्ही आहे.

नंतर कितीतरी वाटा सुचल्या. शहाणपण मागूनच येतं. तेव्हा आईने दागिने काढून दिले, पण त्यात पहिल्या सहामाहीचीच फी निघत होती. जमीन सातबारावर तिन्ही चुलत्यांसकट सामाईक, आणि उसाचं बिल नेहमीसारखं लांबलेलं. मुदत एका सोमवारी संपली. सर घरी आले, चहा न पिता गेले.

मी बीएडला अर्ज केला. बारामतीच्या त्या ऑफिसात पालकाची सही हवी होती, म्हणून आबा बरोबर आले. क्लार्कने पेन पुढे केलं. आबांनी ते हातात घेतलंच नाही. टेबलावरच्या निळ्या पॅडकडे बोट दाखवून म्हणाले, "अंगठा चालंल का?"

"काका, तुम्हाला सही येत नाही?"

"न्हाय," आबा म्हणाले.

आणि त्यांनी अंगठा शाईत बुडवून माझ्या फॉर्मवर उमटवला. मी शेजारी उभी होते. त्यानंतर त्यांनी कुठेच सही केली नाही. पोस्टमनच्या वहीत अंगठा, कारखान्याच्या सभेला अंगठा, माझ्या लग्नाच्या नोंदणीलाही अंगठा. सही मागायला येणारी माणसं हळूहळू यायची बंद झाली. गावात म्हणायला लागले, म्हातारा चेंगट झाला. त्यांनी ते ऐकून घेतलं.

मी बारामतीत राहते. नववी-दहावीला गणित शिकवते, सकाळी शाळेत आणि संध्याकाळी क्लासमध्ये. मिळकत ठीक आहे. मामांचा हिशोब खरा निघाला म्हणायचा, कारण सहा लाखांच्या कर्जाशिवाय मास्तरीण झाले. पण मी शिकवते ती पुस्तकं मागे उत्तरं असलेली. जूनमध्ये सुरू होतात, फेब्रुवारीत संपतात, आणि पुन्हा जूनमध्ये तीच. माझी जुनी पुस्तकं मी माळ्यावर टाकली आहेत. एकदा सुट्टीत काढून बसले, तर एका पानावरची खूण माझीच होती आणि ती का केली होती ते मला कळेना. मी पुस्तक मिटलं आणि कुकर लावला.

यंदा रस्ता रुंद करताना तात्यांची थोडी जमीन गेली आणि मोबदला आला. तात्यांनी पहिलं काम काय केलं, तर ट्रॅक्टरचं कर्ज सगळं फेडलं. बँकेचा बेबाकीचा दाखला घेऊन, काठी टेकत कळंबला आले आणि आबांपुढे धरून म्हणाले, "दोस्ता, तुजी सही सोडवून आणली बघ." काय अडकलं होतं, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. "रजा काढ. इंदापूरला यायचं. तुजी गुणपत्रकं आन, समदी." मला वाटलं जमिनीचं काही असेल. स्टँडवर बघते तर धुवट पांढरे कपडे, खिशाला पेन. ते मला थेट त्याच बँकेत घेऊन गेले. आता साहेबांच्या जागी एक तरुण मॅडम होत्या. आबांनी तात्यांचा दाखला टेबलावर नीट सरळ करून ठेवला.

"बघा मॅडम, नाव सोच्छ झालंय माजं. आता हिला शिकायला कर्ज द्या. गणिताला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझे कानावरचे केस पांढरे व्हायला लागलेत, गळ्यात मंगळसूत्र, हातात मुलाची शाळेची पाण्याची बाटली. त्यांना वाटलं, चेष्टा आहे. मग आबांचा चेहरा बघून त्या थांबल्या. आबांना ते खरंच शक्य वाटत होतं. त्यांच्या लेखी अडलेलं पाणी सुटलं की दारं धरायचं, पाणी वळवून पुढचा वाफा भिजवायचा, मधली वर्षं गेली कुठे?

"काका, पण आता ह्यांचं..." मॅडमनी सुरुवात केली.

"फॉर्म द्या," मी म्हटलं.

"कुठल्या कोर्सचा?"

"एमएस्सी. गणित." इतक्या वर्षांनी ते शब्द तोंडून आले. मी खाली बघून रकाने भरत गेले. सहकर्जदाराच्या रकान्याशी येऊन फॉर्म आबांकडे सरकवला. मॅडमनी सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. आबांनी ते बाजूला सारलं.

त्यांनी चष्मा लावला. खिशातलं पेन काढलं, टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला ओढून बघितलं. पहिलं अक्षर मोठं काढलं. रेघ ओढताना ती मधेच खाली घसरली. ती त्यांनी तशीच मागे वळवून नावाखालून आणली, थांबले, आणि पेन दाबून दोन टिंबं दिली.

फॉर्म मी घडी करून पर्समध्ये ठेवला. मॅडमनी तो मागितला नाही. बाहेर पायरीवर चप्पल घालता घालता आबांनी माझा दंड धरला आणि विचारलं, "मग आता जायाचं कवा?"

"ऊस तुटला की, आबा," मी म्हटलं.